पुस्तकें बांधणारा शास्त्रज्ञ : मायकेल फॅरडे

घरांतील बंद पडलेला विजेचा पंखा दुरुस्त होत असतांना तुम्हीं कधीं जवळ बसून पाहिलें आहे काय? कारागीर पंख्याचें पोट उघडतो, तेव्हां आंत तांब्याच्या बारीक तारेचे शेंकडों वेढे घट्ट बसविलेले दिसतात. तार उघडी वाटते खरी, परंतु तिच्यावर रोगणाचें एक अतिशय पातळ कवच असतें. तें कवच जळून एक वेढा दुसऱ्यास भिडला कीं पंखा मेला असें समजावें. मग कारागीर जळकी तार उपसून काढतो, खांचांत नवा कागद सारतो, नवी तार वेढे मोजून गुंडाळतो, टोकें खरवडून स्वच्छ करतो व त्यांस डाख लावतो. आपण त्यास मिस्त्री म्हणून हांक मारतों आणि बसावयास खुर्चीही देत नाहीं. ज्या मनुष्याच्या शोधामुळें जगांत असे पंखे फिरूं लागले, त्यानेंही एके काळीं असेंच बसून, सुतळी व सुती कापड हातीं घेऊन, तारेचे वेढे गुंडाळले होते. त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं न्यूइंग्टन बट्स येथें झाला. हें ठिकाण आतां लंडन शहरांत मोडतें. बाप जेम्स हा लोहार. त्याची प्रकृति नाजूक, त्यामुळें ऐरणीवरचें काम वरचेवर बंद पडे आणि घरची चूलही त्याच बेतानें पेटे. १८०१ सालीं इंग्लंडांत धान्य फार महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई; तो त्यानें सात दिवस पुरवावा. शाळा म्हणजे वाचणें, लिहिणें व थोडा हिशेब, एवढीच. १८०४ सालीं तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्याच्या दुकानीं हरकाम्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांच्या घरीं वर्तमानपत्रें पोंचवावयाचीं आणि त्यांचें वाचून झालें कीं परत आणावयाचीं, हें त्याचें पहिलें काम. पुढच्या वर्षीं मालकानें त्यास पुस्तकबांधणीच्या धंद्यांत सात वर्षांच्या करारानें उमेदवार म्हणून घेतलें; आणि त्याची प्रामाणिक चाकरी पाहून उमेदवाराकडून घ्यावयाची रक्कमही माफ केली.

फॅरडेच्या चरित्रांत हीं सात वर्षें बहुधा दोन ओळींत उरकलीं जातात. वाचकास त्या धाकट्या मुलास लवकर प्रयोगशाळेंत पोंचलेला पाहण्याची घाई असते. मला मात्र त्या दुकानांत थोडें रेंगाळावेंसें वाटतें. छापील फर्मे नीट दुमडावयाचे, घडी दाबावयाची, दाभणानें भोंकें पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानें फर्मा फर्म्यास शिवावयाचा, पाठीस सरस द्यावयाचा, पुठ्ठे जोडावयाचे, चामडें कडेला पातळ तासून त्यावर चढवावयाचें. दोरा सैल राहिला तर पुस्तक खिळखिळें होतें, फार ओढला तर कागद फाटतो. किती ताण द्यावा हें कोणत्याही ग्रंथांत लिहून ठेवतां येत नाहीं. तें बोटांनीं शिकावें लागतें. फॅरडेचीं बोटें तें सात वर्षें शिकत होतीं.

बांधावयास आलेलीं पुस्तकें तो रात्रीं वाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकांतील विजेवरील लेख व मार्सेटबाईंचें रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनीं त्याला वेड लावलें. पण नुसत्या वाचनानें त्याचें समाधान होईना. पुस्तकांत लिहिलेली गोष्ट आपल्या हातानें करून पाहिल्यावांचून तो ती खरी मानीत नसे, आणि ही खोड त्याला जन्मभर राहिली. खिशांत थोडे पैसे साठले कीं तो कांचेची बाटली आणून घर्षणानें वीज उत्पन्न करणारें यंत्र तयार करी. त्याच्या थोरल्या भावानें, रॉबर्टनें, बापाचाच धंदा पुढें चालविला होता. त्यानें एकेक शिलिंग देऊन मायकेलला टेटम नांवाच्या गृहस्थाच्या शास्त्रीय व्याख्यानांस पाठविलें. त्या एका शिलिंगासाठीं लोहाराला किती घाव घालावे लागत असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

१८१२ च्या जुलैमध्यें त्यानें जस्ताच्या पत्र्यांतून हाफपेनी नाण्याएवढ्या सात चकत्या स्वतः कापल्या. प्रत्येक चकतीस तांब्याची एक हाफपेनी जोडली, आणि मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे घालून एक लहानसा विद्युत्घट उभा केला. त्याच्या तारा त्यानें एका क्षाराच्या द्रावणांत सोडल्या, आणि द्रावणाचें पृथक्करण होतांना पाहून त्याला इतका हर्ष झाला कीं त्यानें लागलीच आपल्या मित्रास लांबलचक पत्र लिहिलें. सात नाणीं, सात चकत्या व सहा ओले कागद, एवढें त्याचें पहिलें विद्युत्मंडल.

त्याच वर्षीं रीबोच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत सर हंफ्रे डेव्ही याच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. डेव्ही हा त्या काळचा अत्यंत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. फॅरडेनें चारही व्याख्यानांचीं टिपणें केलीं, तीं सुवाच्य अक्षरांत पुन्हां उतरलीं, आकृत्या काढल्या, आणि तें सर्व स्वतः बांधून त्याचें पुस्तक डेव्हीकडे पाठविलें. सोबत नोकरीची विनंती होती. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर तो टोपलींत गेला असता. परंतु एवढें जाड व नेटकें पुस्तक टोपलींत टाकणें कठीणच. तरीही डेव्हीनें प्रथम त्याला धंदा सोडूं नये असाच सल्ला दिला. पुढें प्रयोगशाळेंतील साहाय्यकास मारामारीबद्दल काढून टाकावें लागलें, आणि १८१३ च्या मार्च महिन्यांत ती जागा फॅरडेला मिळाली. आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार व माडीवर दोन खोल्या. बाटल्या धुवाव्या, भट्टी पेटवावी, व्याख्यानाची सामग्री मांडावी, हें काम.

डेव्हीबरोबर तो दीड वर्ष युरोपांत हिंडला. या प्रवासांत त्याला विद्युत्घटाचा जनक व्होल्टा याचें दर्शन झालें. पण डेव्हीचा खासगी नोकर ऐन वेळीं न आल्यामुळें तेंही काम फॅरडेच्याच गळ्यांत पडलें होतें, आणि डेव्हीची पत्नी त्याला नोकरासारखेंच वागवी. हा अपमान त्यानें गिळला. एकदां सारें सोडून परत जावें असेंही त्याच्या मनांत आलें होतें. तो गेला नाहीं, ही आपली भाग्याची गोष्ट म्हणावयाची.

१८२० सालीं डेन्मार्कमधील ओर्स्टेड यानें एक चमत्कार जाहीर केला. तारेंतून वीज वाहूं लागली कीं जवळची चुंबकसूची बाजूला वळते. पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत फॅरडेनें पाऱ्याच्या पात्रांत एक चुंबक उभा केला व त्याच्या शेजारीं तारेचें टोक पाऱ्यांत बुडेल अशी तार टांगली. वीज सोडतांच तार चुंबकाभोंवतीं गरगर फिरूं लागली. आजच्या विजेच्या मोटारीचा तो आद्य पूर्वज होय. पण या यशाबरोबर एक कडवट घोटही आला. वुलस्टन नांवाच्या वडील शास्त्रज्ञाची कल्पना त्यानें न सांगतां उचलली असें लोक कुजबुजूं लागले. १८२३ सालीं रॉयल सोसायटीचें सभासदत्व त्याला देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां ज्या डेव्हीनें त्याला हाताला धरून वर आणलें त्यानेंच विरोध केला. फॅरडे निवडून आला. डेव्हीबद्दल त्यानें पुढेंही आदरच बाळगला, परंतु पूर्वीचा जिव्हाळा परत आला नाहीं.

१८२७ सालीं त्यानें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेंत हातांनीं कामें कशीं करावीं, एवढाच त्या सहाशेंहून अधिक पानांच्या ग्रंथाचा विषय. वजन कसें करावें, कांचेची नळी तापवून कशी वांकवावी, बुचाला भोंक कसें पाडावें, हें सारें त्यांत सांगितलें आहे. मोठे विद्वान् अशा गोष्टी नोकरांवर सोपवीत, आणि प्रयोग फसला कीं निसर्गास दोष देत. पालकांनींही येथें क्षणभर थांबावें. घरांतील घड्याळ खोलून बसलेल्या मुलास आपण पाठ्यपुस्तक हातीं देऊन उठवितों. घड्याळ पुन्हां जुळलें नाहीं तर रागावणें योग्यच आहे. पण त्यानें स्क्रू क्रमानें मांडून ठेवले होते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आतां आपण मुख्य प्रसंगाकडे येऊं. विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये, हा प्रश्न फॅरडेच्या मनांत अनेक वर्षें घोळत होता. मधून मधून तो प्रयोग करी, हातीं कांहीं लागत नसे, तो वहींत तसें लिहून ठेवी.

येथें तारेची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. तारेचे वेढे जितके अधिक व जितके जवळ जवळ, तितका परिणाम मोठा. पण तार उघडी असेल आणि दोन वेढे एकमेकांस टेकले, तर वीज सबंध तारेंतून फिरण्याचे कष्ट घेत नाहीं. ती टेकलेल्या जागीं आडवाटेनें पलीकडे जाते आणि वेढे व्यर्थ होतात. इंग्लंडांतील स्टर्जन यानें लोखंडाच्या नालावर रोगण चढवून त्यावर उघडी तार दूर दूर गुंडाळली होती. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें तारेलाच रेशीम गुंडाळलें व वेढ्यांवर वेढे चढविले. १८३१ सालीं त्याच्या एका विद्युच्चुंबकानें दोन हजार पौंडांहून अधिक वजन उचललें. आजच्यासारखी रोगणाची तयार तार त्या वेळीं नव्हती. ज्याला वेढे हवे असत त्यानें तार आधीं आपल्या हातानें झांकावी.

फॅरडेनें मऊ लोखंडाच्या गोल सळईचें, सांधा जुळवून, एक कडें करविलें. सळईची जाडी सात अष्टमांश इंच, कड्याचा बाहेरील व्यास सहा इंच. आपल्याकडे मोठ्या दाराला जें कडें असतें तेवढेंच तें म्हणा ना. त्याच्या एका अंगास त्यानें तांब्याच्या तारेचे तीन तुकडे गुंडाळले, प्रत्येक सुमारें चोवीस फूट. दोन वेढ्यांमध्यें सुतळी घातली, म्हणजे वेढा वेढ्यास लागूं नये. एक थर पुरा झाला कीं त्यावर कॅलिको नांवाच्या सुती कापडाचा वेष्टनपट्टा, आणि त्यावर दुसरा थर. या कापडाचें नांव आपल्या मलबार किनाऱ्यावरील कालिकत बंदरावरून पडलेलें आहे. कड्याच्या दुसऱ्या अंगास, मध्यें थोडी जागा सोडून, दोन तुकड्यांत मिळून सुमारें साठ फूट तार त्याच रीतीनें गुंडाळली. तुकड्यांचीं टोकें निरनिराळीं बाहेर ठेवलीं, म्हणजे हवी तेव्हां तीं एकत्र जोडून एकच लांब तार करतां येई. आतां पाहा: दोरा, कापड, थर, ताण आणि मोकळीं ठेवलेलीं टोकें! विद्युत्शास्त्राचें हें काम आहे कीं पुस्तकबांधणीचें, हें सांगणें मला तरी अवघड वाटतें.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें दुसऱ्या अंगाच्या तारेचीं टोकें एका तारेनें जोडून ती तार सुमारें तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेली. मग पहिल्या अंगाचीं टोकें दहा जोड्यांच्या विद्युत्घटास लावलीं. सूची एकदम हलली, आंदोलनें पावली, आणि पुन्हां होती तेथें येऊन स्थिर झाली. घट जोडलेलाच होता, वीज वाहत होती, तरी सूची निश्चल. घटाची तार काढतांच ती पुन्हां हलली. दोन्ही अंगांच्या तारा एकमेकींस कोठेंही लागलेल्या नव्हत्या. मध्यें फक्त लोखंड, सुतळी व कापड होतें.

इतकीं वर्षें अपयश कां आलें, हें या एका हेलकाव्यानें उघड केलें. सर्वजण सतत वाहणाऱ्या प्रवाहाची वाट पाहत होते. प्रवाह उत्पन्न होतो तो फक्त बदलाच्या क्षणीं, म्हणजे चुंबकत्व येतांना किंवा जातांना. आणि तो क्षण डोळ्याचें पातें लवतें तेवढाच. जो घट जोडून झाल्यावर सूचीकडे वळून पाही त्याला ती स्थिरच दिसावयाची. शिवाय एखादा वेढा जरी आंत टेकला असता, तरी तो क्षीण हेलकावा अधिकच क्षीण झाला असता.

नंतरचे दोन महिने त्यानें जणूं श्वास न घेतां काम केलें. लांकडी ठोकळ्यावर २०३ फूट तार व तिच्या वेढ्यांमधून तितकीच दुसरी तार, मध्यें सुतळी, अशीही एक गुंडाळी त्यानें केली. १७ ऑक्टोबर रोजीं त्यानें कागदाच्या पोकळ नळीवर गुंडाळलेल्या तारेंत नुसता लोहचुंबक झटकन घातला, आणि सूची हलली. काढला, पुन्हां हलली. घटाची गरजच उरली नाहीं! २८ ऑक्टोबर रोजीं रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्यें त्यानें बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरविली. तिच्या कडेस पारा चोळून संयोग चांगला होईलसें केलें होतें. तबकडी फिरत असेपर्यंत प्रवाह सतत मिळूं लागला. जगांतील पहिला विद्युत्जनित्र तो हाच. २४ नोव्हेंबर रोजीं हा शोध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. अमेरिकेंत हेन्रीलाही हाच शोध स्वतंत्रपणें लागला होता. पण त्यानें तो १८३२ मध्यें प्रसिद्ध केला, म्हणून मान फॅरडेकडे गेला.

या दोघांत वैर माजावयास एवढें कारण पुरेसें होतें. तसें झालें नाहीं. १८३७ सालीं हेन्री लंडनला आला असतां, उष्णतेपासून मिळणाऱ्या क्षीण विजेची ठिणगी काढण्याचा प्रयत्न फॅरडे व त्याचे मित्र करीत होते आणि ती कांहीं निघेना. हेन्रीनें एका लांब तारेची गुंडाळी केली, तींत लोखंडाचा तुकडा घातला आणि ठिणगी काढून दाखविली. त्या वेळीं फॅरडे लहान मुलासारखा आनंदानें उठून उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. तारेचे वेढे काय करूं शकतात हें त्या खोलींत त्या दोघांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

त्याच्या पुढच्या कामाचा विस्तार इतका मोठा आहे कीं येथें नुसता उल्लेख पुरे. विद्युत्पृथक्करणाचे नियम त्यानेंच शोधिले. १८३६ सालीं त्यानें बारा फूट लांब, रुंद व उंच असा लांकडी पिंजरा करून तो तारांनीं व कथलाच्या वर्खानें मढविला आणि आपण आंत जाऊन बसला. बाहेरून विजेच्या ठिणग्या उडत असतां आंत त्याच्या नाजूक उपकरणांस कांहींच जाणवलें नाहीं. १८४८ सालीं गटापर्चा नांवाचा मलाया प्रदेशांतील झाडांचा चीक वीज अडविण्यास किती उत्तम आहे, याबद्दल त्यानें लिहिलें. सुतळी आणि कापड पाण्याखालीं निरुपयोगी. गटापर्चाचें वेष्टन चढवून तार समुद्राच्या तळाशीं घालतां येऊं लागली. १८७० सालीं मुंबईहून एडनकडे जी समुद्रतार टाकण्यांत आली, ती याच वेष्टनाच्या बळावर. तोंपर्यंत फॅरडे मात्र हयात नव्हता.

त्याला गणित फारसें येत नसे, आणि ही उणीव तो मोकळेपणानें मान्य करी. त्याच्या कल्पनांस गणिताचें रूप पुढें मॅक्सवेलनें दिलें. दुसरी उणीव अधिक दुःखद होती. पन्नाशीच्या आंतच त्याची स्मरणशक्ति खालावूं लागली. कालचा प्रयोग आज आठवेना, ओळखीच्या माणसाचें नांव सुचेना. कांहीं वर्षें त्याला काम जवळजवळ बंदच ठेवावें लागलें. अशा वेळीं त्याच्या वह्या त्याच्या उपयोगीं पडल्या. तो प्रत्येक निरीक्षणास क्रमांक देई. ते क्रमांक १६,००० च्या वर गेले. विस्मरण झालें तर क्रमांक पाहून तो पुन्हां वाट धरी. १८४५ मध्यें कांचेंतून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हा शोध त्याला लागला तो या आजारानंतर, आणि त्यासाठीं वापरलेली जड कांच त्यानें पंधरा वर्षांपूर्वीं स्वतःच तयार करून जपून ठेवलेली होती.

पैसा त्याला मिळवितां आला असता. कारखानदार त्याच्या दारीं येत. त्यानें तें काम हळूहळू सोडून दिलें. सरदारकीची पदवी त्यानें नाकारली, रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही नाकारलें. सँडेमन पंथ या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा तो सभासद होता, व संपत्ति सांठवूं नये ही त्याची श्रद्धा होती. त्याच्या पत्नीचें नांव सारा. त्यांना मूल नव्हतें. पण नाताळच्या सुटींत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं व्याख्यानें होत, आणि तेथें साध्या मेणबत्तीवर तो तासचे तास बोले.

१२ मार्च १८६२ रोजीं त्यानें आपला शेवटचा प्रयोग केला. ज्योतीच्या प्रकाशाच्या रेषांवर चुंबकाचा कांहीं परिणाम होतो काय, हें त्याला पाहावयाचें होतें. कांहींही दिसलें नाहीं, आणि त्यानें तसें नोंदविलें. १८९६ सालीं हॉलंडमध्यें झीमन यानें अधिक चांगलीं उपकरणें घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हां परिणाम दिसला. फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें, राणी व्हिक्टोरियानें राहावयास दिलेल्या घरांत, खुर्चींत बसल्या बसल्या वारला. हायगेटच्या स्मशानभूमींत त्याचें दफन झालें.

त्याचें तें लोखंडी कडें लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेविलें आहे. वेढ्यांवरचें कापड आतां काळवंडलेलें व जीर्ण झालें आहे, आणि तारेचीं टोकें बाहेर निघालेलीं दिसतात.